म्हणणं आणि सांगणं

आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू, आणि अण्णा कुणाच्या दारात सायकलवरून उतरले की त्या घरातल्या बायका रडायला लागत. अण्णांचा स्वभाव वाईट होता म्हणून नव्हे. आमच्या गावातल्या मयतीचे निरोप पाहुण्यांच्या गावी नेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पूर्वी गावानं हे काम ज्यांच्यावर लादलं होतं त्यांनी ते सोडून दिलं, आणि फार चांगलं केलं. मग गावाला असा माणूस हवा होता, ज्याच्याकडे स्वतःची सायकल आहे आणि ज्याचं तोंड बंद राहतं. सायकली गावात चार होत्या. तोंड बंद ठेवणारे अण्णा एकटेच निघाले. ह्या कामाला मजुरी नाही पण मान आहे, असं लोक म्हणत. तो मान घरात नेमका कुठं ठेवलाय ते आईला शेवटपर्यंत सापडलं नाही.

ह्या कामाचे तोटे होते. अण्णांना साध्या कारणानं कुणाकडे जाता येत नसे. माझ्या बहिणीचं, अक्काचं लग्न ठरलं तेव्हा आवतण द्यायला घरचाच माणूस जायला हवा होता. अण्णांनी सायकलच्या दांडीला हळदीनं पिवळं केलेलं फडकं बांधलं आणि प्रत्येक गावाच्या वेशीपासूनच "लग्नाचं हाय, लग्नाचं हाय" असं ओरडत शिरले. तरीही एका गावात आईच्या आत्यानं त्यांना लांबून पाहिलं आणि सुरुवात केली. लग्नाचं आहे हे कळल्यावर ती नाराज झाली. एकदा सुरू केलेलं रडणं असं मध्येच थांबवता येत नाही, म्हणून मग तिनं ते फार पूर्वी वारलेल्या आपल्या भावावर काढलं, आणि त्यानंतर डोळे पुसून अण्णांना शेवयांची खीर वाढली.

अण्णांची पद्धत ठरलेली होती. ती त्यांनी कुणाकडून घेतली ते मला माहीत नाही. सायकल अंगणाबाहेर लावायची. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, कुठं टेकायचं नाही. घरातला कर्ता माणूस समोर आला की एवढंच म्हणायचं, "तब्येत जास्त हाय. निघा." मेला, गेला, वारला, आटोपलं, ह्यांतला एकही शब्द तोंडातून काढायचा नाही. कुणी विचारलं, "बोलत्यात का वो?" तर उत्तर द्यायचं नाही, आपल्या पायताणाकडं बघायचं. आणि घरातून तांब्या आला की म्हणायचं, "नको." आमच्याकडे माणूस वैऱ्याच्या दारातसुद्धा पाणी नको म्हणत नाही. त्यामुळे तो नकार ऐकला की लहान लेकरालाही सगळं समजे. मग रडारड सुरू व्हायची आणि अण्णा बाहेर सायकलजवळ जाऊन उभे राहायचे, घरचे लोक तयार होईपर्यंत. मंडळी पायी निघाली तर तेही सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालायचे. दुःखातल्या माणसांना मागं टाकून टांग मारून पुढं जाणं त्यांना बरं वाटत नसे. घरी आले की आधी दोन तांबे पाणी प्यायचे आणि मग आंघोळ करायचे.

आईचं सगळं उलट होतं. ती चुलीशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, भाकरी थापता थापता भाकरीशी बोलायची, आणि ह्यांतलं कुणीच तिला उलट उत्तर देत नसल्यानं तिचं बरं चाललं होतं. गावातल्या बायकांबरोबर ती एकदा कपिलधारचा धबधबा बघून आली होती. त्या एका दिवसावर तिनं पुढची कित्येक वर्षं काढली. दर वर्षी तो धबधबा थोडा उंच व्हायचा. मी नोकरीला लागल्यावर तिथं गेलो तेव्हा मला तो फार लहान वाटला, आणि उगाच फसवल्यासारखं झालं. जेवताना अण्णा खाली मान घालून येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या, आमटीत भाकरी कुस्करायचे आणि आई तिकडं दिवसभराचं सगळं सांगत राहायची. मीठ कमी पडलं असेल तर अण्णा जरा सावकाश चावायचे. आई बोलता बोलताच मिठाची वाटी पुढं सरकवायची. दोघांचा संसार असा चालला होता, आणि त्यात काही कमी आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मी तेव्हा अकरावीला होतो आणि रोज कोसभर चालून नांदूरघाटला शाळेत जायचो. इंग्रजीला रत्नपारखी नावाचे सर होते, केजहून येणारे, इस्त्रीच्या कपड्यांतले. एके दिवशी त्यांनी फळ्यावर चार शब्द लिहिले, स्पीक, टॉक, से आणि टेल. सर म्हणाले, हे चार सख्खे भाऊ आहेत. तोंडावळा एक, गुण वेगवेगळे. स्पीक म्हणजे तोंडातून वाणी काढणं. पुढारी स्पीक करतो, समोरचा ऐकत असो की डुलक्या घेत असो. टॉक म्हणजे दोघांचं, पारावर चालतं ते. से म्हणजे शब्द उच्चारणं, नेमकं काय तोंडातून निघालं तेवढंच. आणि टेल म्हणजे ते दुसऱ्यापर्यंत पोचवणं. "आता सांगा, पोस्टमन काय करतो?" सरांनी विचारलं. "दिवाळी मागतो," वर्ग एका सुरात म्हणाला. सरांनी डोक्याला हात लावला आणि घरचा अभ्यास दिला. चारही शब्दांना आपापल्या घरातलं एकेक उदाहरण लिहून आणायचं.

माझी आई टॉक करते, हे मी लगेच लिहिलं. पारावरचे सरपंच स्पीक करतात. आता से आणि टेल राहिले आणि माणूस उरला एकच, तिथं माझं घोडं अडलं. बराच विचार करून मी लिहिलं की माझे वडील से करत नाहीत, फक्त टेल करतात. सरांनी त्यावर तांबडी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, शब्दांवाचून सांगता येत नाही. सर शिकलेले होते, पण त्यांच्या दारात अजून आमच्या गावचा निरोप गेला नव्हता. मी पुढं आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं, आणि ह्या चार भावांची ओळख दर वर्षी नव्या पोरांना करून दिली. प्रत्येक वेळी टेलपाशी आलो की मला ती तांबडी रेघ दिसायची आणि मी खडू शोधायला लागायचो.

त्याच वर्षी दिवाळी सरता सरता आईला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग कुणी हातावरून उतरवून दिली, मग पोट फुगायला लागलं तसं बैलगाडीत घालून केजला नेलं. डॉक्टरनी अण्णांना बाजूला घेतलं आणि घरी न्या, आवडीचं खाऊ घाला, असं सांगितलं. "काय म्हनला डाक्टर?" आईनं गाडीत विचारलं. "घरी जा म्हनला," अण्णा म्हणाले. जाताना अण्णा सायकलवर गाडीच्या पुढं गेले होते. येताना त्यांनी टांग मारली नाही. सायकल हातात धरून ते गाडीच्या कडेनं चालत राहिले. आईनं ते पाहिलं, आणि केजपासून घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. दारात उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "कवशीला बोलवा."

कवशी म्हणजे आमची अक्का. तिला वडवणीच्या अलीकडच्या एका गावात दिली होती, आमच्यापासून नऊ कोसांवर. तिचं सासर ऊसतोडीला जाणारं. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. अक्का गेली नाही तर दाजी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुठल्याच मुकादमाला नको असतो. त्यांच्या टोळीचा ट्रक येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी दुपारी निघणार होता. एकदा ट्रक गेला की अक्का सहा महिने दिसणार नव्हती, आणि आईकडे सहा महिने नव्हते. एवढं साधं गणित होतं.

निरोप घेऊन आधी मी गेलो. मी अकरावी शिकलेला, त्यातून टेल म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. अक्काची सासू, जिजी, ओसरीवर सरकी वेगळी करत बसली होती. मी पाणी प्यालो, चहा प्यालो, पाट्यावरच्या ठेच्याबरोबर तीन भाकरी खाल्ल्या आणि सगळं व्यवस्थित, पहिल्यापासून सांगितलं. कावीळ कशी झाली, पोट किती फुगलं, डॉक्टर काय म्हणाले. एकही गोष्ट सोडली नाही. जिजी हातातलं काम न थांबवता ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "वय झालं की असतंय बाबा तसं. कापूस उरकू दे, मंग धाडते. आन् तू आजून अर्दी भाकर घे." मी घेतली. ती अर्धी भाकर मला पुढं बरीच वर्षं आठवत राहिली. अक्का मला वेशीपर्यंत पोचवायला आली आणि सारखी विचारत होती, "लई हाय का रं?" मी म्हणालो, "लई हाय." पण माझं पोट भरलेलं तिलाही दिसत होतं. चार दिवसांनी वडवणीच्या एस्टीच्या ड्रायव्हरबरोबर आणखी एक निरोप धाडला. त्याचं उत्तर आलं, धाडतो म्हणावं. पालथ्या घड्यावर पाणी.

मंगळवारी सकाळी आई पेजेचे दोन चमचे प्याली आणि परत म्हणाली, "कवशी आली का?" अण्णा उठले, सदरा घातला, सायकल बाहेर काढली आणि मला म्हणाले, "बस." मी मागच्या कॅरेजवर बसलो. वाटेतल्या गावांतून जाताना बायका दारातून बाहेर यायच्या, अण्णा पुढं निघून गेले की सुटकेचा निःश्वास टाकून आत जायच्या. मला वाटत होतं, अण्णा जिजीला हात जोडतील, किंवा भांडतील. दोन्ही त्यांना जमत नव्हतं, म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी वाक्यं तयार करत होतो.

अण्णांनी सायकल अंगणाबाहेर लावली. ते अंगणाच्या मधोमध येऊन उभे राहिले. जिजी ओसरीवरून उठली. दाजी गोठ्यातून हात पुसत आले. अक्का कापसाच्या ढिगाआडून डोकावली. अण्णा म्हणाले, "तब्येत जास्त हाय. लेकीला बोलवलंय." ह्यात खोटं काही नव्हतं. जिजीनं सुनेकडं न बघता हात मागं केला, अक्कानं तांब्या भरून दिला, जिजीनं तो अण्णांपुढं धरला. उन्हाचे दिवस नव्हते, पण नऊ कोस सायकल मारलेल्या माणसाचा सदरा पाठीला चिकटला होता. अण्णांनी तांब्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "नको."

त्यानंतर जे झालं ते मी आजवर अनेक घरांतलं ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. जिजीनं तांब्या खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावला. दाजींनी डोक्याची टोपी काढली. अक्का आधी अण्णांकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिली. अण्णांच्या तोंडावरून कुणालाच कधी काही कळत नसे, म्हणून ती माझ्या तोंडावर शोधत होती. आई जिवंत होती. सकाळी दोन चमचे पेज प्याली होती. मी पायताणाकडं बघितलं. अक्कानं तिथंच बसकण मारली आणि हंबरडा फोडला. अण्णा मागं वळले आणि सायकलजवळ जाऊन उभे राहिले.

ज्या लोकांकडे आजारपणासाठी आठ दिवस वेळ नव्हता, त्यांनी मयतीसाठी पाऊण तासात मुकादमाचा ट्रॅक्टर उभा केला. आई सवाशीण गेली म्हणून जिजीनं वाटेत दुकानात उतरून हिरवं लुगडं घेतलं. ट्रॉलीत आम्ही दहा-बारा जण होतो, आणि अण्णांची सायकल. अक्का रडत होती. आमच्याकडच्या बायका नुसतं रडत नाहीत, गेलेल्या माणसाशी बोलत रडतात, आणि त्या बोलण्यात काय यावं ह्याला धरबंध नसतो. मयतीच्या रडण्यातल्या शब्दांबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही. अक्कानं लग्नापासूनचं सगळं आईला सांगितलं. "माजे माय गं, दोन बाऱ्या सांगावा आला गं, मला धाडलं न्हाई गं. तेलाच्या बरनीला कुलूप लावत्यात गं माय. तू धाडलेली चोळी नणंदेला दिली गं." जिजी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. कुलपापाशी तो हात जरा थांबला, पण मयतीचं रडणं म्हणून परत फिरायला लागला. मी अक्काच्या कानापासून हातभर अंतरावर होतो. एक वाक्य पुरलं असतं. अण्णा ट्रॉलीच्या कडेला सायकल धरून उभे होते आणि माझ्यावरून नजर काढत नव्हते. मला त्या वेळी अण्णांचा राग आला होता, खरा राग. एवढी पोटची पोर तुमच्यासमोर फुटतेय आणि तुम्ही सायकल सांभाळताय.

ट्रॅक्टर आमच्या दारात थांबला तेव्हा दुपार कलली होती. शेजारच्या चुलतीनं आईला भिंतीला टेकवून उन्हात बसवलं होतं आणि तिच्या केसांना तेल लावत होती. ट्रॉलीतून रडत उतरणारी एवढी माणसं बघून आईनं मान जरा वर केली आणि विचारलं, "कोण गेलं?"

अक्का होती तिथं थांबली. मग ती आईच्या गळ्यात पडली आणि पुन्हा रडली, पण हे रडणं वेगळं होतं, त्यात शब्द नव्हते. जिजी अंगणात लुगड्याची घडी हातात घेऊन उभी होती. "आता ह्येचं मी काय करू?" ती म्हणाली. आईला एव्हाना सगळं समजलं होतं. तिनं त्या हिरव्या घडीकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं, आणि म्हणाली, "ठिवा, इहीणबाई. लागंल." चुलती तोंडात पदर कोंबून घरात पळाली. जिजी अण्णांकडं वळली. "पावनं, खोटं बोललाव तुमी."

"मी काय म्हनलो त्ये आठवा," अण्णा म्हणाले.

जिजीनं आठवलं. ती हुशार बाई होती, शब्द न् शब्द तिच्या ध्यानात होता. त्यात तिला काही सापडलं नाही. "मंग पानी कावून घेतलं न्हाई?"

"तहान न्हवती," अण्णा म्हणाले. माझ्या माहितीप्रमाणे अण्णा तोंडानं खोटं बोलले ते हे एवढं एकच.

जिजीनं लुगडं उंबऱ्यावर ठेवलं आणि दाजींना चल म्हणाली. ट्रॅक्टरवर चढताना ती अक्काकडं वळली. ट्रॉलीतलं रडणं आता मयतीचं राहिलं नव्हतं, साधं बोलणं झालं होतं, आणि साध्या बोलण्याचा हिशेब होतो. "कुलपाचं मंग बगू," ती म्हणाली. "सोमवारी दुपारी गाडी निगती. त्येच्या आत आलीस तर आलीस. न्हाई तर ऱ्हा हितंच, जल्मभर." दाजींना फक्त आपण अर्धे राहिलो एवढं कळलं होतं.

मेल्याची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं असं म्हणतात. आईचं सहा दिवस वाढलं. त्या सहा दिवसांत घरात परत आवाज झाला. आई पडल्या पडल्या अक्काला येसर भाजायला शिकवायची, आणि अक्काला ते लग्नाआधीपासून येत असल्यानं ती मुद्दाम चुकायची. "करपलं," आई वासावरून म्हणायची. "मुद्दाम करती गं तू." दोघी दिवसभर बोलायच्या, दोघी मिळून कपिलधारला जाऊन यायच्या. मला वाटतं टॉक हा शब्द मला त्या आठवड्यात समजला. अण्णा अंगणात बसून सगळं ऐकायचे. गावात तेवढ्यात एक म्हातारा वारला, तर निरोप द्यायला दुसऱ्याच कुणाला तरी पाठवलं. आता अण्णांच्या नको म्हणण्याचा भरवसा राहिला नव्हता. त्यांच्या समोर कुणी तसं म्हणालं नाही, पण सायकल दारातच राहिली. आजकाल कुणी गेलं की फोनवर हात जोडलेलं चित्र येतं, आणि आम्हीही तसंच चित्र उलट धाडतो. बातमी सगळ्यांना कळते. दारात मात्र कुणी येऊन उभं राहत नाही.

रविवारी संध्याकाळी आई अक्काला म्हणाली, "उंद्या जा. माजं बगून झालं." अक्का तिच्या उशाशी बसून राहिली. सोमवारी दिवस उगवताना आई तिच्या मांडीवर गेली. आईनं लेकीची अडचण सोडवली, असं बायका म्हणाल्या. मला ते बोलणं तेव्हा आवडलं नाही आणि आजही आवडत नाही.

पाहुण्यांना निरोप धाडायची वेळ आली तेव्हा गावातली मोठी माणसं अंगणात बसली. वडवणीकडं कुणाला धाडावं, ह्यावर सगळे अडले. ट्रक दुपारी निघणार होता. जिजीला खरं वाटलं नाही तर ट्रक जाणार, आणि अक्का कायमची आमच्या दारात राहणार. शेवटी कुणीतरी म्हणालं, "दुसऱ्या कुनाला तरी धाडू. तुमचं त्येनला खरं वाटायचं न्हाई."

"माजं वाटलं न्हाई तर कुनाचंच वाटायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "मीच जातो." घरात बायको पडलेली असताना नवऱ्यानं गाव सोडू नये, असं दोघं-तिघं म्हणाले. अण्णांनी सायकल बाहेर काढली. त्यांना एकटं सोडू नये म्हणून मी मागं बसलो.

आम्ही पोचलो तेव्हा ट्रक भरत आला होता. बाजली, पाट्या, पिठाचे डबे, खुराड्यातल्या कोंबड्या, वर बसलेली पोरं. दाजी खाली एका बाजूला उभे होते, त्यांना वर कुणी बोलावलं नव्हतं. अण्णांनी सायकल लांब लावली आणि ते नेहमीसारखे मधोमध येऊन उभे राहिले. जिजीनं त्यांना पाहिलं. ती सावकाश आत गेली, तांब्या भरून घेऊन आली आणि अण्णांपुढं धरला. तब्येतीचं विचारलं नाही, कावून आलाव ते विचारलं नाही. ट्रकवरची सगळी माणसं बघत होती.

"नको," अण्णा म्हणाले.

जिजीनं तांब्या खाली घेतला नाही. "मागल्या बारीलाबी नकोच म्हनलाव," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

अण्णांनी पायताणाकडं बघितलं. मग मान वर केली. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडं न बघताच माझ्या छातीवर हात आडवा धरला. इतक्या वर्षांत इतक्या दारांत जो शब्द त्यांनी कुणाच्याही माणसासाठी काढला नव्हता, तो त्यांना आपल्या बायकोसाठी काढायचा होता.

"मेली," अण्णा म्हणाले. कुणी हाललं नाही, तेव्हा त्यांना वाटलं ऐकू गेलं नसावं. ते मोठ्यानं म्हणाले, "कवशीची माय मेली. आज सकाळी. दिस उगवायला."

जिजीचा हात खाली आला. थोडं पाणी जमिनीवर सांडलं. ती ट्रककडं वळली आणि म्हणाली, "सामान उतरवा. मानसं तेवडी ऱ्हाऊ द्या. आदी तिकडं जायचंय." मुकादम काहीतरी पुटपुटला. ती त्याच्याकडं नुसती बघत राहिली, तसं त्यानंच पहिली पाटी खाली घेतली. मग ती परत अण्णांकडं आली आणि तांब्या पुन्हा पुढं धरला.

"आता प्या, पावनं," ती म्हणाली. "तुमचं सांगून झालं."

अण्णांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या सगळा प्याले. सकाळी आई गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते तिथं आलं, ट्रकच्या चाकाशेजारी, सगळ्यांसमोर. जिजी आत गेली, तांब्या परत भरून आणला आणि माझ्या हातात दिला.